विश्लेषण : मुलांच्या धाडसाला पालकांनी परवानगी द्यावी का?

परीक्षा संपतात, कालव्याला आवर्तन सुटते, गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि शिरूर-दौंडच्या घराघरांत एकच वाद रंगतो. मुलाला मित्रांबरोबर पोहायला पाठवायचे का? मुलीला ट्रेकला जाऊ द्यायचे का? यात्रेत बैलगाड्यापुढे घोडी धरायचा हट्ट पुरवायचा का? कुणी म्हणते, ‘याच वयात करायचे नाही तर कधी?’ कुणी म्हणते, ‘काही झाले तर जबाबदार कोण?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अनुभव, कायदा आणि संशोधन यांच्या आधारे त्यांची उत्तरे कशी शोधता येतील, याचा हा आढावा.

शिरूर-दौंडमध्ये ‘धाडस’ म्हणजे नेमके काय?

धाडसी खेळ म्हटले की डोळ्यांपुढे एव्हरेस्ट, पॅराग्लायडिंग किंवा सुळक्यांची चढाई येते. या दोन तालुक्यांतील मुलांचे धाडस मात्र बहुतेक वेळा घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आतच घडते. घोड, भीमा आणि कुकडीचे पात्र, चासकमान किंवा नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी, शेतातले शेततळे आणि घरातली दुचाकी या त्याच्या जागा आहेत. त्याला कुणी ‘साहसी उपक्रम’ म्हणत नाही. त्यामुळे त्यासाठी परवानगी मागितली जात नाही आणि तयारीही होत नाही.

येथील पालकांना धोका नवा नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. त्यात दोन मुले होती. या पट्ट्यात संध्याकाळी मुलाला उसाच्या कडेने एकटे पाठवणेही जोखमीचे ठरते. जो धोका टाळता येत नाही, त्याबद्दल गाव बोलते, मोर्चे काढते, रस्ता अडवते. जो धोका मुले स्वतः पत्करतात, त्यावर मात्र दुर्घटना घडेपर्यंत घरातही फारसे बोलणे होत नाही.

पाण्याचा धोका का वाढला?

एके काळी खेड्यात पोहणे शिकण्याची ठरलेली रीत होती. काका, मामा किंवा थोरला भाऊ पाठीला सुका भोपळा किंवा हवाबंद डबा बांधून, कमरेला दोर लावून मुलाला विहिरीत उतरवायचा. दोराचे दुसरे टोक मोठ्या माणसाच्या हातात असायचे. दोर सैल कधी सोडायचा आणि डबा कधी काढायचा, हे तोच ठरवायचा. आज अनेक विहिरी आटल्या आहेत, काही बुजल्या आहेत आणि पाणी बोअरमधून येते. शिकवण्याची ही पद्धत मागे पडली. मुलांची पाण्याची ओढ मात्र कमी झाली नाही.

पाण्याच्या जागाही बदलल्या. भीमा आणि घोड नद्यांच्या पात्रांत वर्षानुवर्षे झालेल्या वाळूउपशामुळे तळ एकसारखा राहिलेला नाही. गुडघाभर पाण्यातून दोन पावले पुढे टाकली की पाणी डोक्यावरून जाऊ शकते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामधून वाहणाऱ्या कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला दुरून लोक येतात. वाहत्या पाण्याने दगडगोटे गरगर फिरवून खडकात कोरलेले हे खळगे म्हणजे निसर्गाचे नवल आहे. पण त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि पाणी वाहते असले की आतला ओढ वरून दिसत नाही. कालव्याचेही तसेच आहे. काँक्रीटचे उतरते काठ शेवाळाने निसरडे होतात आणि आवर्तनाच्या काळात प्रवाहाला इतका जोर असतो की चांगल्या पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही.

शेततळे तर विहिरीपेक्षाही फसवे असते. विहिरीला पायऱ्या किंवा निदान कपारी असतात. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर ओला पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही सापडत नाही. आत गेलेले मूल काठापासून हातभर अंतरावर असूनही बाहेर येऊ शकत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो. एकाच वेळी भाऊ-बहीण किंवा बाप-लेक बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात भारतातील असे मृत्यू ३८ हजारांहून अधिक आहेत. या मृत्यूंना आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सुचवते, त्यांत शाळकरी मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवणे याचा स्पष्ट समावेश आहे. मुलांना पाण्यापासून केवळ दूर ठेवा, एवढेच सांगून संघटना थांबत नाही.

सर्वांत मोठे ‘धाडस’ रस्त्यावरचे?

पुणे-अहिल्यानगर महामार्ग शिक्रापूर, रांजणगाव आणि शिरूरमधून जातो. पुणे-सोलापूर महामार्ग यवत, चौफुला, पाटस आणि कुरकुंभमधून जातो. औद्योगिक वसाहतींची अवजड वाहने आणि गळीत हंगामात उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर यांच्यामधून क्लासला, शाळेला, दूध घालायला निघालेली पंधरा-सोळा वर्षांची मुले दुचाकी हाकताना दिसतात. एसटीची वेळ जुळत नाही, शाळा लांब आहे, वडील शेतावर किंवा कंपनीत आहेत, ही अडचण खरी आहे. त्यामुळे याला कुणी धाडस समजत नाही, ती घराची सोय ठरते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत १८ वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास होती. एखाद्या गडावरच्या ट्रेकला ‘नको, धोका आहे’ म्हणणारे पालकच त्याच दिवशी मुलाच्या हाती गाडीची किल्ली देतात. अनोळखी धोका मोठा वाटतो आणि रोजचा धोका दिसेनासा होतो, त्याचे हे उदाहरण.

पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचेही असेच. राज्य राखीव पोलीस दलाच्या गटांमुळे दौंडच्या परिसरात वर्दीचे आकर्षण मोठे आहे. मैदान नसेल तर मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावतात. त्यांच्या मेहनतीचे घरात कौतुक होते, पण ती कुठे धावतात याची चौकशी क्वचितच होते. एक परावर्तक पट्टी किंवा शाळेच्या मैदानाचे पहाटे उघडलेले फाटक इतकाच यावरचा उपाय असतो.

याच वयात मुले धोका का पत्करतात?

मुलांना धोका कळत नाही, असा मोठ्यांचा समज असतो. संशोधन वेगळे सांगते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शांतपणे विचारले तर धोक्याची उत्तरे ती जवळपास मोठ्यांसारखीच देतात. फरक पडतो तो मित्र बघत असताना. अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटे असताना किशोरवयीन मुले मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र बघत असताना मात्र त्यांचे धोका पत्करणे सुमारे दुप्पट झाले. मोठ्यांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही.

शिरूर-दौंडच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. वडिलांबरोबर नदीवर गेलेला मुलगा आणि सहा मित्रांबरोबर गेलेला तोच मुलगा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुलावरून उडी मारायला सांगणारे मित्र आणि ती टिपणारा मोबाइल असेल, तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे ‘काय करायचे आहे?’ या प्रश्नाइतकाच ‘कुणाबरोबर?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याची दुसरी बाजूही आहे. थोड्याफार जोखमीच्या खेळातून मुले तोल, अंदाज आणि भीतीवर ताबा शिकतात. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत, मुलांना मोकळ्या हवेत काहीसे जोखमीचे खेळ खेळू द्यावेत, असे म्हटले आहे. मुलाला न दिसणारा आणि न पेलणारा धोका मोठ्यांनी दूर करायचा. जो धोका त्याला दिसतो आणि ज्याचा अंदाज तो घेऊ शकतो, तो त्याला घेऊ द्यायचा, हा त्यामागचा विचार.

कायदा काय सांगतो?

‘धाडस’ या नावाचा एकच कायदा नाही. वेगवेगळे कायदे वेगवेगळे वय सांगतात. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे देता येत नाहीत. करमणूक आणि क्रीडा यांना त्यात अटींसह सूट आहे, सर्कशीला नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार, ताब्यातील मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना होतील अशा रीतीने धोक्यात घालणे हा गुन्हा आहे.

वाहनांबाबत कायदा सर्वांत स्पष्ट आहे. परवान्याचे वय १८ आहे. केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी पालकांच्या संमतीने ते १६ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर मुलाच्या पालकांनाही अटक झाली.

ट्रेक आणि शिबिरांच्या आयोजकांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यात जमीन, पाणी आणि हवेतील उपक्रम घेणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. पालकांकडून घेतलेले ‘आमची जबाबदारी नाही’ छापाचे संमतिपत्र आयोजकाला निष्काळजीपणाच्या गुन्ह्यातून सोडवत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

दहीहंडीच्या वादातून काय शिकता येते?

मुले, परंपरा आणि धोका यांचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला वाद दहीहंडीचा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि हंडीच्या उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २०१६ मध्ये हे निर्बंध कायम राहिले. नंतर प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना घेणार नाही, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. उंचीची मर्यादा ठरवणे कायदेमंडळावर सोडले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाच्या मृत्यूसाठी १० लाखांच्या भरपाईची घोषणा केली. पुढे विम्याचे कवच, हेल्मेट आणि गाद्या यांचा वापर वाढला.

तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतील दहिसर येथे सरावादरम्यान ११ वर्षांच्या मुलाचा थरावरून पडून मृत्यू झाला. वयाची मर्यादा कागदावर होती. सर्वांत वरच्या थरासाठी हलके शरीर लागते, ही त्या खेळाची गरजही होती. खेळाची गरज आणि मुलाचे हित एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा मंडळाला मुलाचे हित सांभाळणे अवघड जाते. तेथे ‘नाही’ म्हणण्याचे काम घरालाच करावे लागते.

मग बैलगाड्यापुढे घोडी धरू द्यायची का?

हाच प्रश्न शिरूरच्या यात्रांत वेगळ्या रूपात येतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. घाट पुन्हा गजबजले. घाटातील बारीला गाड्यापुढे घोडी पळते. गाडा जोरात पळावा यासाठी घोडी आणि तिच्यावरचा स्वार महत्त्वाचा असतो. शिरूर लोकसभा मतदारसंघात तर घोडी धरणे हा राजकीय आव्हानाचा विषय झाला होता. खासदार अमोल कोल्हे यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या घाटात घोडीवर बसून ते आव्हान पूर्ण केले.

घोडीवर कमी वजनाचा स्वार सोयीचा असतो. म्हणून किशोरवयीन मुले आणि अलीकडे मुलीही घाटात दिसतात. त्यांचे कौतुक होते आणि व्हिडिओ गावोगाव फिरतात. लहानपणापासून घरची घोडी सांभाळणारे, तिच्यावर रोज सराव करणारे मूल आणि केवळ वजन कमी म्हणून यात्रेच्या दिवशी बसवलेले मूल यांत मोठा फरक आहे. मागे चार बैल पूर्ण वेगाने येत असतात आणि दोन्ही बाजूंना गर्दी असते. पडल्यावर उठायला वेळ नसतो. शर्यतींचा कायदा प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या चौकटीत बनला आहे. त्याचा मुख्य रोख बैलांवर आहे. स्वाराची काळजी गाडामालक, यात्रा कमिटी आणि पालक यांनाच घ्यावी लागते. हेल्मेट, घाटाच्या कडेचे अडसर, सज्ज रुग्णवाहिका आणि अल्पवयीन स्वाराला नकार देण्याचा कमिटीचा ठराव, एवढे ज्या घाटात नाही तेथे मुलाला घोडीवर बसवणे हे त्याच्या हौसेपेक्षा दुसऱ्याच्या बारीसाठी असते.

एव्हरेस्टवर गेलेल्या मुलींच्या पालकांनी काय केले?

तेलंगणातील मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हा ती १३ वर्षे ११ महिन्यांची होती. आई-वडील शेतमजूर आणि ती सरकारी निवासी शाळेची विद्यार्थिनी. नेपाळच्या बाजूने १६ वर्षांची अट असल्याने ती तिबेटच्या बाजूने चढली. मात्र ती एकदम एव्हरेस्टला गेली नाही. आधी भोनगीरच्या खडकावर चढाई, मग दार्जिलिंगमधील प्रशिक्षण, मग लडाखच्या थंडीतला सराव, आणि प्रत्येक टप्प्यावर निवड.

मुंबईतील नेव्ही चिल्ड्रन स्कूलची विद्यार्थिनी काम्या कार्तिकेयन मे २०२४ मध्ये १६व्या वर्षी नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पूर्ण केली. एव्हरेस्टवर तिचे वडील, नौदल अधिकारी, तिच्यासोबत होते. लहानपणी सह्याद्रीतल्या वाटांपासून तिची सुरुवात झाली होती. दोन्ही कुटुंबांत पैशाचे आणि शिक्षणाचे मोठे अंतर आहे. साम्य एका गोष्टीत आहे : दोन्ही मुलींच्या बाबतीत टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर परत फिरण्याची मुभा होती.

ग्रामीण भागात मुलींना नकार लवकर मिळतो, हेही या निमित्ताने लक्षात घ्यायला हवे. मुलाला न विचारता नदीवर जाता येते आणि मुलीला विचारूनही पोहायला शिकता येत नाही. परिणामी कपडे धुताना किंवा शेततळ्यावर पाय घसरला, तर तिला स्वतःला वाचवता येत नाही.

शिवरायांनी किशोरवयात तोरणा घेतला, हे उदाहरण गावोगावी दिले जाते. त्यामागे घोडेस्वारी, शस्त्रे आणि मावळच्या डोंगरांची ओळख यांची वर्षांची तालीम होती, जाणती माणसे सोबत होती. केवळ वय सांगून ते उदाहरण पूर्ण होत नाही.

परदेशात हा पेच कसा सोडवला गेला?

नेदरलँड्समधील लॉरा डेकर हिने २००९ मध्ये वयाच्या १३व्या वर्षी एकटीने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे जाहीर केले. वडील तयार होते, सरकारी बालकल्याण यंत्रणा तयार नव्हती. न्यायालयाने तिला यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले. न्यायालयाने तिचे स्वप्न मोडले नाही, तयारी अपुरी असल्याचे दाखवले. तिने प्रथमोपचार शिकले, एकटीने बोट चालवताना झोप कशी सांभाळायची याचा अभ्यास केला, अधिक सुरक्षित बोट घेतली आणि दूरस्थ शिक्षणाची सोय केली. जुलै २०१० मध्ये देखरेख उठली. २१ जानेवारी २०१२ रोजी १६ वर्षांची लॉरा प्रदक्षिणा पूर्ण करून परतली.

उलट उदाहरण अमेरिकेचे. सात वर्षांची जेसिका डबरॉफ सर्वांत लहान वैमानिक म्हणून देश ओलांडणार होती. ११ एप्रिल १९९६ रोजी शायेन येथून खराब हवामानात उड्डाण करताच विमान कोसळले. तिच्यासह वडील आणि प्रशिक्षक मरण पावले. दौऱ्याचे वेळापत्रक आणि माध्यमांचे लक्ष यांचा दबाव तेव्हा चर्चेचा विषय झाला. त्यानंतर अमेरिकेने परवाना नसलेल्या मुलांना असे विक्रम करण्यास कायद्याने बंदी घातली.

दोन्ही ठिकाणी पालकांनी परवानगी दिली होती. एका ठिकाणी बाहेरच्या कुणीतरी ‘अजून तयारी झालेली नाही’ असे म्हटले आणि ते ऐकले गेले. दुसऱ्या ठिकाणी थांबायला सांगणारे कुणी नव्हते.

सरसकट बंदी घातली तर?

मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शैक्षणिक सहलींवर अनेक निर्बंध आले. देखरेख नसलेल्या सहली थांबणे आवश्यकच होते. पण शाळांनी जोखमीच्या भीतीने सगळेच बंद केले, तर मुले जाण्याचे थांबत नाहीत, ती न सांगता जातात. तेव्हा सोबत शिक्षक नसतो, दोर नसतो आणि कुठे गेली आहेत हे घरी कुणाला माहीत नसते.

बंदी आणि मोकळीक यांच्यामधली वाट शिरूर तालुक्यातच पाहायला मिळते. पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळेत न रमलेली मुलेही वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम आणि यंत्रांची कामे शिकतात. ठिणग्या, वीज आणि धारदार हत्यारे यांत धोका आहेच. तो लपवला जात नाही, टप्प्याटप्प्याने हाती दिला जातो. डोळ्यांवर चष्मा, शेजारी जाणता माणूस आणि चुकल्यास काय करायचे याचा सराव हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. विहिरीच्या काठावर दोर धरून उभा असलेला मामा हेच करत होता.

पालकांनी निर्णय कसा घ्यावा?

‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे तपासता येतील.

हौस कुणाची आहे? मुलाची, मित्रांची, मंडळाची, गाडामालकाची की वडिलांची? मुलाला ऐनवेळी ‘मला नाही करायचे’ म्हणता येईल का, आणि तसे म्हटल्यावर त्याची टर उडवली जाणार नाही ना?

आधीची पायरी झाली आहे का? नदीआधी तरणतलाव किंवा दोर लावलेली विहीर, कळसूबाईआधी गावाजवळची टेकडी, घाटाआधी मोकळ्या माळावर घोडीचा सराव. पायरी गाळली असेल तर उत्तर ‘अजून नाही’ असे असावे. ‘कधीच नाही’ या उत्तराने मूल विचारणे बंद करते.

सोबत कोण आहे? त्या कामातला जाणता, शुद्धीवर असलेला आणि थांबवण्याचा अधिकार असलेला किमान एक मोठा माणूस हवा. ट्रेक किंवा शिबिर असेल तर संस्थेची नोंदणी, प्रमुखाचे प्रशिक्षण, किती मुलांमागे किती प्रशिक्षक आणि जवळचे रुग्णालय हे लेखी मागावे. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत.

बिघडले तर काय? रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलाला पाठ असावेत. कुणी बुडत असेल तर पाण्यात उडी न घेता दोर, काठी, टायरची ट्यूब, रिकामा कॅन किंवा ओढणी फेकायची आणि ओरडून मदत बोलवायची, हे प्रत्येक मुलाला करून दाखवलेले असावे.

कायदा मोडतो का? १८ वर्षांखाली गिअरची दुचाकी, १४ वर्षांखाली हंडीचे थर, याबाबत घरात चर्चेची गरज नाही. कायद्याने वयाची मर्यादा ठरवलेली असेल तेथे पालकांना वाईटपणाही घ्यावा लागत नाही.

गाव आणि शाळा काय करू शकतात?

सगळा भार घरावर टाकणे योग्य नाही. प्रत्येक शेततळ्याला कुंपण, काठाला गाठी मारलेला दोर आणि तरंगणाऱ्या ट्यूब लावायला शेतकऱ्याला फार खर्च येत नाही. ग्रामपंचायत नदीतल्या खोल जागांवर फलक लावू शकते. कालव्याला आवर्तन सुटणार असल्याची दवंडी व्हॉट्सॲप गटावर देता येते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचे पोहण्याचे शिबिर शाळा, तरुण मंडळ आणि गावातील पट्टीचे पोहणारे मिळून घेऊ शकतात, आणि त्यात मुलींची वेळ वेगळी ठेवता येते. यात्रा कमिटीने अल्पवयीन स्वारांचा नियम परवानगीच्या अर्जासोबतच जाहीर केला, तर घाटावर ऐनवेळी वाद होणार नाही.

देश साडेसतराव्या वर्षी मुलांना अग्निवीर होण्यासाठी अर्ज करू देतो आणि १८ पूर्ण नसलेल्यांच्या कागदावर पालकांची सही मागतो. त्या सहीनंतर मुलांना खडतर प्रशिक्षण मिळते. नदी, रस्ता आणि घाट यांच्यासाठी अशी सही कुणी मागत नाही आणि प्रशिक्षणही आपोआप मिळत नाही. यंदाच्या सुट्टीत शिरूर-दौंडच्या पालकांना मुलांना निदान दोन गोष्टी देता येतील : पोहणे शिकण्यासाठी पंधरा दिवस आणि १८ पूर्ण होईपर्यंत किल्ली न देण्याचा ठाम शब्द.